डोंगराची चिमूटभर माती

घाटाच्या पायथ्याशी जो बसथांबा आहे, तिथे त्या दिवसांत सकाळी मोठी रांग लागायची. रांग बससाठी नसायची. थांब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोंगरबाबा बसायचा, त्याच्यासाठी असायची.

रांगेत पलीकडच्या शहरात नोकरीला जाणारे कारकून असत, कॉलेजच्या मुली असत, तपासणीला निघालेल्या म्हाताऱ्या असत. दुखणं सगळ्यांचं एकच, गाडी लागणं. आमच्या घाटाची वळणं अशी, की अर्ध्या वाटेवर निम्मी बस खिडकीबाहेर डोकी काढून बसायची. कंडक्टर सीटखाली बादली ठेवायचा आणि ओकणाऱ्याकडे असं बघायचा, जणू त्याने मुद्दामच ठरवून केलंय. आता ती बादली कोरडी राहू लागली होती. कंडक्टरच सांगायचा, "बाबा आल्यापासून मला पाण्याचा खर्च नाही."

बाबाची बोलायची तऱ्हा मोठी गोड होती. "तुमच्या पोटाची आणि या डोंगराची ओळखच नाही," तो म्हणायचा. "अनोळखी माणसाला डोंगर हलवून बघतो. ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली पाहिलीत? नाही ना? त्याची ओळख आहे. ही घ्या माथ्यावरची माती. पोटात गेली, की डोंगर तुम्हाला आपलं मानेल."

मग तो कागदाच्या पुडीतली चिमूटभर करडी पूड जिभेवर ठेवायचा. वर ताकीद द्यायचा, की लगेच गाडीत बसायचं नाही, अर्धा-पाऊण तास डोंगराकडे तोंड करून शांत बसायचं. तोंड कोरडं पडलं, तर डोंगराने तुमची आण घेतली. डोळे जड झाले, तर त्याने तुम्हाला मांडीवर घेतलं. आणि परतीच्या प्रवासासाठी एक पुडी सोबत.

मी थांब्याजवळच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. गाडी का लागते हे मी दरवर्षी वर्गात सांगते. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. तो म्हणतो आपण हलतोय, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे म्हणतात आपण जागच्या जागी आहोत. दोघांचं भांडण लागतं आणि निस्तरावं लागतं पोटाला. ड्रायव्हरला वळण आधीच दिसतं, म्हणून त्याच्या डोळ्यांचं आणि कानांचं जमतं. त्यात डोंगराशी ओळखीचा काही संबंध नाही. हे मुलांना पटायचं. मुलांचे आईबाप मात्र रांगेत उभे असायचे.

आणि एके दिवशी त्या रांगेत मला माझा धाकटा भाऊ दिसला.

धाकटा चष्म्याच्या काचा घासायचा. काच चाकावर धरून तिला नंबराप्रमाणे आकार द्यायचा आणि फ्रेममध्ये अशी बसवायचा, की तिच्या कडेवरून बोट फिरवलं तरी जाणवू नये. गावातलं दुकान बंद पडलं आणि त्याला घाटापलीकडे नोकरी धरावी लागली. लहानपणी आम्ही त्याला मामाकडे न्यायचो, तेव्हाही तो पोचेपर्यंत पांढराफटक पडलेला असायचा. आता ते रोजचं झालं. हात थरथरत असताना काच घासता येत नाही. मालकाने त्याला सांगितलं, "तुम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणसातच येत नाही. असं किती दिवस चालवून घेऊ?"

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गोळी दिली होती. गोळीने गुण आला. पण तो थांब्यावर स्कूटर लावून जायचा आणि संध्याकाळी कालव्याच्या रस्त्याने घरी यायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की या गोळीने झोप येते, ती घेऊन गाडी चालवायची नाही. त्या आडरस्त्याला दुसरं वाहन मिळत नाही. त्याने गोळी सोडून दिली.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. त्याची लेक, आमची चिमणी, त्याच्या पाठीवर लोंबकळत होती.

"तूसुद्धा?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "ताई, तू रागावणार हे माहीत होतं मला. पण गुण येतोय. परवापासून एकदाही उलटी नाही. आज मालकाने स्वतःहून चहा मागवला माझ्यासाठी."

"पुढच्या सीटवर बसून बघितलंस? लांब, रस्त्याच्या टोकाकडे बघायचं. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. मोबाइल तर काढायचाच नाही."

"पुढच्या सीटवर म्हाताऱ्या माणसांना उठवून बसू का मी?" तो म्हणाला. "आणि गोळी घ्यावी, तर झोप येते. पोरीचा बाप आहे मी, झोपेत स्कूटर चालवू का? मातीचं तसं नाही. माती म्हणजे काय औषध थोडंच आहे?"

बोलता बोलता त्याने मोठी जांभई दिली आणि बायकोकडे पाणी मागितलं. घसा सारखा कोरडा पडतो, म्हणाला. बायको कौतुकाने म्हणाली, "डोंगराने आण घेतली म्हणतात ती हीच, ताई."

मी त्याच्याकडे एक पुडी मागितली, बघायला. तो म्हणाला, आज संपली, उद्या आणून देतो.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचलाच नाही.

कालव्याचा तो रस्ता अगदी सरळ आहे. अजून उजेड होता. मागून बैलगाडी हाकत येणाऱ्या एका शेतकऱ्याने सगळं पाहिलं. तो म्हणाला, "पुढे स्कूटर नीट चालली होती हो. मग त्यांची मान एकदम खाली गेली. मला वाटलं, खिशात काही बघतायत." स्कूटर पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर कुठेही नव्हती.

दवाखान्यात त्याच्या बायकोला आम्ही बाकावर बसवलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि तो गेल्याचं सांगून तिच्याशेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "माझ्या गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या होत्या का?"

"नाही हो," ती म्हणाली. "औषध बंदच होतं. नुसती माती घेत होते."

त्याच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचे स्क्रू पिळायचा लहानसा पेचकस निघाला, आणि दोन पुड्या. एक उघडलेली होती. दुसरी माझ्यासाठी होती.

डॉक्टरीणबाईंनी उघडलेली पुडी पोलिसांमार्फत सरकारी प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल यायला वेळ लागणार होता. दुसरी पुडी मी डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत नेली. पेल्यात पाणी घेऊन पूड ढवळली आणि ठेवून दिली. माती तळाशी बसली, पाणी वर निवळलं. डॉक्टरीणबाईंनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या डोंगराची माती कडू नाही. कोरडं तोंड, जड डोळे, गुण यायला लागणारा अर्धा-पाऊण तास, हे सगळं मी रोज पेशंटना सांगते. मातीत गोळ्या कुटून घातल्यात."

"म्हणजे तुमच्या गोळीसारखीच?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

अहवालाची वाट बघणं मला शक्य नव्हतं. रांग रोज लागत होती आणि त्यातले कितीतरी जण थांब्यावर गाडी लावून जात होते. धाकट्याचं दिवसकार्य झाल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी आम्ही दोघी थांब्यावर गेलो. मला पाहून रांगेतल्या बायकांनी वाट दिली. बाबानेही हात जोडले. "पोरगा गुणी होता," तो म्हणाला. "काळापुढे कोणाचं चालतं?"

मी म्हटलं, "बाबा, एक विनंती आहे. आज घाटात जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला तुमच्या हाताने एक चिमूट द्या."

"त्याला कशाला? त्याची डोंगराशी ओळख आहे."

"आणखी पक्की होईल. मातीच तर आहे. अपाय नाही ना काही?"

"अपाय कसला? पण ज्याला गरज नाही, त्याने घेऊ नये."

ड्रायव्हर बसच्या दारातच उभा होता. मोठ्या मिशांचा, थट्टेखोर माणूस. तो खाली उतरून पुढे आला आणि जीभ बाहेर काढून म्हणाला, "द्या की बाबा. रोज तुमच्यासमोरून जातो, कधी प्रसाद मिळाला नाही."

बाबाचा हात पुडीवर होता. तो उचलला गेला नाही.

"द्या ना," रांगेतली एक मुलगी म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं.

"यांना नको," बाबा म्हणाला. त्याचा गोड आवाज गेला होता. "एवढी माणसं बसलीत गाडीत. घाट आहे."

मिशीवाला ड्रायव्हर हळूच मागे सरकला. एका कारकुनाने हातातली पुडी उघडून पाहिली, पुन्हा मिटली आणि लांब धरून उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या हातात मोटरसायकलची किल्ली होती.

आम्ही पोलिसांना बोलावलं. शेडच्या मागे पोत्यात गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या सापडल्या, पोतं भरून. बाबा पूर्वी एका औषधाच्या दुकानात कामाला होता. पोलीस त्याला घेऊन निघाले, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, मी कोणाला विष दिलं नाही. चांगली गोळी होती. लोकांना गुण येत होता."

ते खरंच होतं. अहवालातही तेच आलं. तीच गोळी, जी माझ्या भावाने केवळ घरी सुखरूप पोचावं म्हणून सोडली होती. तिच्या पाकिटावर छापलेलं असतं, की झोप येईल, वाहन चालवू नये. मातीच्या पुडीवर काही छापलेलं नसतं. बाबाला ते ठाऊक होतं. ड्रायव्हरसमोर ते त्याला आठवलं. धाकट्याने स्कूटरची किल्ली खिशात घालून त्याच्यापुढे जीभ काढली, तेव्हा आठवलं नाही.

आता शनिवारी सकाळी मी थांब्यावर उभी राहते आणि विचारणाऱ्याला सांगते. पुढे बसा, लांब बघा, खिडकी उघडा. गोळी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. कोणी काहीही तोंडात घालायला दिलं, तर आधी विचारा, यात काय आहे. जो सांगत नाही, त्याचं घेऊ नका, मग तुम्हाला कितीही गुण येवो. गुण आला म्हणून सांगणारा खरा ठरत नाही.

काही जण ऐकतात. काही जण म्हणतात, बाबा होता तेव्हा बरं होतं.

एका संध्याकाळी चिमणी माझ्याजवळ आली. मशीन बंद होतं, तिची आई आत पडून होती.

"आत्या, माझ्या बाबांना झोप लागली होती ना?"

"हो."

"मग त्यांना लागलं ते कळलं नसेल."

मी तिला जवळ घेतलं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"बहुतेक नसेल," मी म्हटलं. "पण नक्की मला माहीत नाही, बाळा."

तिने थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडू लागली, तो गेल्यापासून पहिल्यांदाच.