कोरडे कागद

"एक डाग नाही." सरांनी पिंजऱ्याखालचा टिपकागद खिडकीकडे धरला. "बाई, तुमच्या सासूबाईंना आता माझ्या खुर्चीत बसवायला हवं."

प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर बाईंच्या ताब्यात असत. सकाळी त्यांनीच निम्म्या उंदरांना एका झाडाच्या सालीचा अर्क दिला होता, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि मग जुलाब व्हावेत म्हणून सगळ्यांना नळीने एरंडेल पाजलं होतं. पाणीवाल्यांचे कागद ओलेचिंब झाले होते. अर्कवाल्यांचे इतके कोरडे, की पुन्हा अंथरता आले असते.

साल बाईंच्या घरून आली होती. सासूबाई ती उकळून गल्लीतल्या पोरांना जुलाबावर द्यायच्या. प्रयोगासाठी मागितली तेव्हा त्यांनी बरेच आढेवेढे घेतले होते. "ने बाई. उद्या तुझा साहेब म्हणेल, मीच शोधली."

बाईंचं लक्ष कागदांकडे नव्हतं. अर्कवाले उंदीर पाण्याच्या बाटलीखाली अंग चोरून बसले होते. केस उभे, पोटं टम्म.

"सर, हे मला बरे दिसत नाहीत."

"एरंडेल प्यायलेत. नाचतील का?"

"ते तर सगळेच प्यायलेत."

"सासूबाईंशी काही वाजलंय का तुमचं?" सर हसले.

बाईंना हसू आलं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात एक वाक्य ऐकत आल्या होत्या. त्यांना एक मोठी नणंद होती, सासूबाईंची पहिली मुलगी; नुकती चालायला लागली तेव्हाच वारलेली. "जुलाब तर दुपारीच थांबले होते," सासूबाई म्हणायच्या. "संध्याकाळी काय झालं, देव जाणे." बाईंनी या वाक्यावर कधी शंका घेतली नव्हती. कोरडे कागद पाहिल्यापासून मात्र ते डोक्यातून जात नव्हतं.

"एखादा उघडून बघू या," त्या म्हणाल्या.

"निकाल चांगला आला की तुम्हाला शंका. वाईट आला की कधी म्हणत नाही, उघडून बघू."

"वाईट निकाल आला तर ते औषध कोणी पीत नाही, सर."

एका अर्कवाल्या उंदराच्या आतड्याची दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून बाईंनी ते तराजूवर ठेवलं. मग पाणीवाल्याचं ठेवलं. अर्कवाल्याचं जड होतं, पाण्याने तट्ट फुगलेलं. आणखी दोन उघडले, तेच. सालीने आतड्याची हालचाल बंद पडली होती, पण अंगातलं पाणी आतड्यात उतरायचं थांबलं नव्हतं. ते तिथंच साचत होतं. कागदावर दिसत नव्हतं, इतकंच.

सरांनी तराजूचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. "माणसात असंच होईल असं नाही."

"नाही. पण होणार नाही, असंही नाही."

बाई घरी पोचल्या तेव्हा शेजारीण रिकामी वाटी परत द्यायला दारात उभी होती.

"आईंचं औषध दोनदा दिलं नातवाला. लगेच थांबलं बघा. फक्त सुस्त पडलाय."

"पाणी पाजताय ना?"

"पाणी नको," सासूबाई आतून म्हणाल्या. "पाणी दिलं की परत सुरू होतं."

"त्याला आत्ता दवाखान्यात न्या," बाई शेजारणीला म्हणाल्या. "गाडी येईपर्यंत साखर-मिठाचं पाणी द्या, चमच्याचमच्याने."

शेजारणीने दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. सुनेवर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. तरी मुलाला गाडी आणायला सांगते म्हणाली आणि गेली.

सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "माझ्याच दारात माझ्या औषधाला नावं ठेवलीस. उंदरांनी सांगितलं वाटतं?"

"हो."

"काय सांगितलं?"

"थांबत नाही, आई. फक्त बाहेर येत नाही. आत साचतं."

सासूबाई बाईंकडे रोखून पाहत राहिल्या. सून आपल्याला फसवत असावी, अशी शेवटची आशा त्या नजरेत होती.

"पोट फुगतं?"

"हो."

"आणि पाणी मागतात?"

"उंदीर कसे मागणार? बाटलीपाशी जाऊन बसतात."

"ती मागत होती," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी हात पुढे केला, पण तोवर सासूबाई पायात काही न घालता बाहेर पडल्या होत्या.

बाई मागोमाग शेजारी गेल्या. सासूबाईंनी पोराला मांडीवर घेतलं होतं आणि साखर-मिठाच्या पाण्याच्या पातेल्यातून चमचा भरत होत्या.

"आई, तुम्हीच म्हणालात ना, पाणी नको?" शेजारणीने विचारलं.

सासूबाईंचं लक्ष चमच्यात होतं. चमचा ओठांशी तिरपा करायचा, घोट घशाखाली उतरलेला दिसेपर्यंत थांबायचं, मग पुढचा भरायचा. गाडी आली. पोराच्या बापाने त्याला घ्यायला हात पसरले, तेव्हा त्या स्वतःच उठल्या आणि पोरासकट मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पातेलं बाईंनी त्यांच्या पायांमध्ये नीट ठेवलं.

गाडीला हिसका बसला तेव्हा सासूबाईंनी भरल्या चमच्याखाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरली होती.