सातव्या मैलावरचा सागवानी साचा

मित्रांनो, तळोद्याहून प्रकाशाकडे जाणारी सडक तुम्हांला सपाट वाटत असेल. पण ती मधोमध थोडी उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते. तशी नसली तर पावसाचे पाणी वर साचते, मुरूम भिजतो आणि गाड्यांची चाके रुतू लागतात. हा उतार बरोबर आहे की नाही, हे सांगणारा मी एक जुना लाकडी साचा आहे. खडी घालण्याचे काम माझे नव्हे. घातलेली सडक नीट राखली आहे का, एवढेच मी सांगतो.

मी नवापूरच्या जंगलातला साग. तळोद्याच्या दोधू मिस्त्रीने रंधा मारून माझी दहा फूट लांब फळी केली, खालची कड सडकेच्या पाठीसारखी कोरली आणि मधोमध एक रेघ ओढून तिच्यावर ओळंबा टांगला. मला सडकेवर आडवे ठेवायचे. खाली कुठे फट दिसली नाही आणि ओळंब्याची दोरी रेघेवर आली, की सडक बरोबर. हे १९२७ साल होते. तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता.

पहिली चार वर्षे माझी फार चांगली गेली. हन्ना नावाची नवापूरकडची बाई मला डोक्यावर घेऊन मैलामागून मैल चालायची. तिच्या डोक्यावरची चुंबळ मऊ होती आणि चालही एकसारखी होती. कळसाडीकडचा कापूस भरलेल्या गाड्या बाजूने जायच्या, प्रकाशाला देवदर्शनाला निघालेली माणसे माझ्याकडे वळून पाहायची. मला उगीचच मोठे झाल्यासारखे वाटे.

सातवा मैल राखायचे काम सुकरामकडे होते. तो आणि त्याची बायको मंगळीबाई सडकेलगतच्या सरकारी झोपडीत राहत. चाकोऱ्या पडल्या की सुकराम त्यात मुरूम भरायचा, पाणी शिंपायचा आणि धुमुसाने ठोकून बसवायचा. पावसात तर तो घोंगडी पांघरून कडेचे चर मोकळे करत फिरायचा. हा मैल हातून गेला असता तर झोपडीही गेली असती.

मग एका पावसाळ्यात मी राहायचो त्या अवजारांच्या छपरीत नवी अवजारे आली आणि मला जागा उरली नाही. चुडामण मुकादमाने मला बाहेर निंबाला टेकवून ठेवले. तो कळसाडीचा, मनाने सरळ माणूस. दोन दिवसांत आत घेऊ, असे तो म्हणाला होता. पण कामाच्या गर्दीत चार महिने निघून गेले. माझे एक टोक चिखलात भिजत राहिले. ते फुगले, जड झाले आणि हळूहळू खाली वाकले. मित्रांनो, मी वाकडा झालो हे माझे मलाच कळले नाही.

दिवाळीनंतर ओव्हरसियरसाहेब पाहणीला आले. सुरुवात सातव्या मैलापासून झाली. साहेबांनी मला आठ ठिकाणी ठेवले आणि आठही ठिकाणी ओळंबा रेघ सोडून सरकला.

"सुकराम, सगळ्या मैलाची डावी बाजू वर आली आहे," साहेब वहीत लिहीत म्हणाले. "चार महिने तू केलंस काय?"

"रोज ठोकला, साहेब," सुकराम म्हणाला. मराठी त्याला जेमतेमच येई. त्याने नुसते धुमुसाकडे बोट दाखवले.

"साहेब, मानूस कामचोर नही शे," चुडामण म्हणाला. "येनं काम मी रोज दखस."

"साचा दाखवतो ते मी लिहितो. या मैलावर दुसरा माणूस घ्यावा लागेल."

मंगळीबाई झोपडीच्या दारात उभी होती. तिने हातातली घागर खाली ठेवली. सुकराम मात्र माझ्याकडेच पाहत होता. त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात हन्ना पुढे आली. साहेबांशी बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती मुकादमाला म्हणाली, "दादा, हाऊ साचा फिराई ठेवा. तो पहिलासारखा नही ऱ्हायना."

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारले.

"याचं डावं टोक उजवीकडे करा म्हनस, साहेब."

"तुला गं कसं ठाऊक?"

"चार वरीस मन्हा डोकावर शे हाऊ," हन्ना म्हणाली. "पहिले दोन्ही टोके सारखा व्हतात. आते एक टोक खाले वढस."

 साहेबांनी स्वतः मला उचलले आणि फिरवून त्याच जागी ठेवले. ओळंबा सरकला, पण या वेळी उलट्या बाजूला. एकच सडक त्याच जागी आधी डावीकडून आणि मग उजवीकडून वर कशी असेल? साहेबांनी आणखी तीन ठिकाणी तसेच करून पाहिले. सगळीकडे तेच झाले.

चुडामणने डोक्यावरची टोपी काढली. "चूक मन्ही शे, साहेब. पावसाळामा याले बाहेर मीच ठेवा व्हता."

साहेबांनी वहीतल्या ओळीवर काट मारली. "सुकराम, मी चुकीचं लिहिलं होतं," ते म्हणाले. "मैल तुझ्याकडेच राहील." मग चुडामणकडे वळून ते म्हणाले, "इथून पुढे मोजणीआधी साचा दोन्ही बाजूंनी ठेवून पाहायचा. सगळ्यांच्या देखत."

मला वाटले, आता माझी जागा चुलीत. पण चुडामणने मला स्वतःच्या गाडीतून तळोद्याला नेले. दोधू मिस्त्रीने मला महिनाभर सावलीत वाळवले, वाकलेल्या टोकावर पुन्हा रंधा मारला आणि मागून दोन पट्ट्या मारल्या. परत आलो तेव्हा माझ्यासाठी छपरीत दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या. तेल चोळायला सुकरामच बसला. माझ्यामुळे ज्याचे घर जाणार होते, तोच माणूस माझ्या अंगावरून हात फिरवत होता. हन्ना, चुडामण, दोधू आणि सुकराम, या चौघांचे उपकार मी कसे विसरू?

पुढच्या वर्षीच्या पाहणीत मला आधी दोन्ही बाजूंनी ठेवून पाहिले. मी सरळ होतो. मग सातव्या मैलावर सडकेखालच्या मोरीजवळ ओळंबा थोडा सरकला. साहेब काही बोलायच्या आत चुडामण म्हणाला, "परत एकदा ठेवू का?"

"नको," सुकराम म्हणाला. "तो सांगस तर खोट शे तठे." आणि तो फावडे आणायला गेला.

मित्रांनो, तुमच्या घरीही मापे असतील, तराजू असतील, पट्ट्या असतील. त्यांना पावसात टाकू नका. आणि त्यांच्यावरून कुणाला नावे ठेवण्याआधी त्यांना एकदा फिरवून पाहा.