उजव्या गुडघ्याचा कागद

डॉक्टर एव्हारिस्तोने कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. एवढी सेवा त्याने चौदा वर्षांत कधी केली नव्हती.

कागदावर होतं: तेल्मो ओर्विस, बचावपटू, वय चौतीस. उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आहे. पाच महिने खेळू शकणार नाही.

आदल्याच दिवशी मी त्या गुडघ्यावर नव्वद मिनिटं खेळलो होतो.

"फाटला कधी, डॉक्टर? मला कळवायचं तरी."

"थट्टा नको, तेल्मो. सही कर आणि उद्या फुटबॉल फेडरेशनच्या डॉक्टरीणबाईंसमोर जरा लंगडत चाल."

"किती लंगडू? थोडं, की तुम्हाला लाज वाटेल इतकं?"

भिंतीला टेकलेला किरोस हसला नाही. हा आमचा क्रीडा संचालक. खेळाडू आणणं आणि हाकलणं हा याचा धंदा, स्वतः कधी चेंडूला पाय लावलेला नाही. त्याला एक पोर्तुगीज बचावपटू आणायचा होता. संघात नोंदणीचे नंबर पंचवीस, पंचवीसही भरलेले, नवा खेळाडू नोंदवायची जानेवारीची मुदत दोन दिवसांवर. पाच महिन्यांचा जखमी असला तर त्याचा नंबर मोकळा होतो. म्हणून मी जखमी.

"जूनमध्ये तुझा करार संपतोच आहे," किरोस म्हणाला. "मानाने निरोप देऊ. फुलं, नाव कोरलेली पाटी, सगळं."

"आणि तोवरचे सामने?"

"चौतीस वर्षांचा झालास रे. आणखी किती खेळणार?"

जूनपर्यंत. तेवढंच उरलं होतं माझ्याकडे, आणि तेच हे मागत होते. या क्लबसाठी तीनदा नाक मोडून घेतलं. चौदा वर्षांत चार वेळा चेंडू जाळ्यात घातला. त्यातला एक आमच्याच जाळ्यात, आणि गावाला आठवतो तो तोच. त्याबद्दल तक्रार नाही. बचावपटूचं जिणं असंच असतं. पण धडधाकट पाय फाटका आहे असं माझ्याच हाताने लिहून द्यायचं?

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि घरी गेलो.

बाबा खुर्चीत होते, नाकात प्राणवायूची नळी. आस्तुरियासच्या खाणीत सत्तावीस वर्षं कोळसा काढला त्यांनी. कागद वाचून हसले, मग बराच वेळ खोकले.

"सुधारणा झाली म्हणायची. आमचा खाणीचा डॉक्टर मेलेल्याला ठणठणीत लिहायचा. हा ठणठणीताला मेलेला लिहितो."

"काय करू, बाबा?"

आई आतून ओरडली, "सही केलीस तर जेवायला थांबू नकोस. घेवडा मोजकाच शिजवलाय."

बाबा हसायचे थांबले. "कोळशाच्या धुळीने छातीत दगड झाला होता, तरी 'कामास योग्य' या कागदावर सात वर्षं सही केली मी. कुणी हात धरून करवली नव्हती. डॉक्टरला शिव्या देतो मी रोज, पण सही माझी होती."

दुसऱ्या दिवशी ओव्हिएदोला फेडरेशनच्या कचेरीत गेलो. एव्हारिस्तो आधीच येऊन बसला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालून दाखवा."

मी सरळ चाललो. एव्हारिस्तो खाकरला. मग मी एकट्या उजव्या पायावर खाली बसलो, उठलो, असं वीस वेळा.

"दुखतं कुठे?" बाईंनी विचारलं.

मी एव्हारिस्तोकडे बोट दाखवलं.

मी खिशातला बिनसहीचा कागद पुढे ठेवला. बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली. पोर्तुगीज दुसऱ्या क्लबात गेला. नंबर माझाच राहिला.

आणि त्या दिवसापासून मी एक मिनिटही खेळलो नाही. मिस्टर, म्हणजे आमचे कोच, दर सामन्यात मला रेषेबाहेर पळायला लावायचे आणि शेवटपर्यंत आत सोडायचे नाहीत. अंग तापवायचं, थंड करायचं. कुत्र्याला तरी माणूस फिरवून आणतो.

मेमधल्या शेवटच्या सामन्यात आम्ही दोन गोलांनी मागे होतो, बचावाची चाळण झाली होती. लोक माझं नाव घेत होते. मिस्टर माझ्याजवळ आले.

"तेल्मो, बाकावर बस बाबा. मला वरून फोन येतात. माझीही पोरं आहेत."

"वरच्यालाच खाली पाठवा, मिस्टर. त्याने येऊन बसवावं."

मी रेषेपाशी उभा राहिलो. किरोस वर काचेमागे दिसत होता. अर्धा तास मी त्याच्याकडे बघत उभा होतो. तो खाली आला नाही.