विदादचे एकसष्ट प्रश्न

मित्रांनो, मी एक जुने संकेतस्थळ आहे. आज माझी चित्रे नीट दिसत नाहीत आणि माझ्या दोन कळा दाबल्या तरी काही होत नाही. पण एका उन्हाळ्यात वाळवंटाकाठचे अख्खे गफ्सा गाव माझ्यामुळे हसत होते.

दोर्रा आणि विदाद या गफ्सातल्या मैत्रिणी तेव्हा शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्या होत्या. विद्यापीठ सुरू व्हायला अडीच महिने होते. दुपारी रस्त्यावर पाय ठेववत नसे. घरात बसून कंटाळलेल्या मुलांसाठी दोर्राने मला घडवले. माझ्यावर रोज एक गमतीचा प्रश्न यायचा आणि उत्तरावरून तुम्ही पुढे कोण होणार ते मी सांगायचे. 'चहा उतू गेला तेव्हा तू कुठे होतास?' 'मी चहा ठेवलाच नव्हता,' असे निवडले, की मी म्हणे, 'अभिनंदन! तू वकील होणार.'

मला बांधले दोर्राने, पण हे प्रश्न सगळे विदादचे. ती मामाच्या इंटरनेटच्या दुकानातून ते माझ्या निरोपांच्या पेटीत टाकायची. दोघींच्या गप्पाही तिथेच चालत.

"काय गं, खाली नुसतं तुझंच नाव?" एकदा विदादने लिहिले.

"घाईत राहिलं गं. उद्या घालते."

"घाल हं. नाहीतर माझी आई म्हणेल, पोरगी दुकानात बसून माश्या मारते."

आसपासच्या तोझरपासून केबिलीपर्यंतच्या गावांतली मुले मला उघडू लागली. सगळे दोर्राला शाबासकी देत. तिने एकदाही म्हटले नाही, की प्रश्न विदादचे आहेत. आणि नाव घालायचे ते राहूनच गेले.

प्रवेशाच्या याद्या लागल्या. दोर्राला राजधानी ट्युनिसमधले विद्यापीठ मिळाले, विदादला सूस शहरातले. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदादच्या आईला झटका आला. तिचे अर्धे अंग आणि बोलणे गेले. वडील नव्हते, थोरला भाऊ लसाद खाणीत कामाला. विदाद घरीच राहिली.

"तू जा," तिने दोर्राला लिहिले. "मी प्रश्न पाठवत राहीन. तू रोज एक लाव. तेवढंच आईला वाचून दाखवीन."

तिने पाठवले. दोर्रा मात्र नव्या शहरात, नव्या मैत्रिणींत रमली. पेटी तिने उघडलीच नाही. माझ्यावर तोच शिळा प्रश्न राहिला. मुले यायची थांबली. विदाद मात्र रोज यायची, पाहायची आणि नवा प्रश्न टाकून जायची. एकसष्टाव्या प्रश्नाखाली तिने लिहिले, "दोर्रा, रागावले नाहीये. पण आता सुचत नाही गं." त्यानंतर ती आली नाही. मला हात असते, तर मीच ते प्रश्न लावले असते.

अकरा वर्षांनी दोर्राने मला उघडले. आता ती संकेतस्थळे घडवायला शिकवत होती. विद्यार्थ्यांना तिला आपले पहिले काम दाखवायचे होते. तिला पेटी दिसली. एकसष्ट निरोप तिने एका बैठकीत वाचले. मग विदादच्या जुन्या पत्त्यावर लिहिले, "कशी आहेस?"

उत्तर तिच्या भावाचे, लसादचे आले; तिचे निरोप आता तोच पाहायचा. "विदादला जाऊन दोन वर्षं झाली, दोर्रा. तापाचं निमित्त झालं. आई आहे. विदाद असलं काही लिहायची, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती आईला सांगायची, दोर्राचे प्रश्न आहेत."

दोर्राने माझ्यावर विदादचे नाव घातले आणि रोज एक प्रश्न लावू लागली. गफ्सात लसाद तो आईला वाचून दाखवी. एक दिवस त्याने लिहिले, "हे विदादचे आहेत असं आईला सांगितलं. आता नुसतं नाव घेतलं तरी ती हसते, मग रडते. पण हे संपल्यावर काय वाचू?"

 दोर्राने तीनदा लिहून खोडले. मग पाठवले, "पुन्हा पहिल्यापासून वाच, दादा. मला दुसरं काही देता येत नाही."

मित्रांनो, माझी डागडुजी करा असे मी म्हणत नाही. माझ्यासारखी स्थळे बंद पडतातच. पण ज्याच्या शब्दांवर तुम्ही हसता, त्याचे नाव तो ऐकू शकतो तोवर घ्या.