दुसऱ्या रांगेतला सूर

सत्तरी कधीच ओलांडली होती, गुडघे गेले होते, वरची कवळी वाटीत होती, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरली बहीण असेतो माणूस धाकटंच राहतं, त्याला इलाज नाही. आणि थोरली काही साधीसुधी नव्हती. एके काळी मोठ्या नाट्यगृहात ऑपेरेटा लागला, की दारावरच्या फलकावर ताईचं नाव सगळ्यांच्या वर असे, आणि तेही एवढ्या ठळक अक्षरांत, की बाकीच्यांना आपापली नावं शोधावी लागत. ऑपेरेटा म्हणजे हलकीफुलकी संगीतिका. गाणी, नाच, थोडी बोलाचाली, कुणीतरी वेश पालटून येणार, आणि तिसऱ्या अंकात सगळे रुसवेफुगवे मिटून लग्न. धाकटी त्याच खेळांत कोरसात असायची, दुसऱ्या रांगेत. पडदा पडला की कपडेपटात जाऊन ताईच्या झग्याचे पाठीमागचे हूक काढायची.

तिचा आवाज वाईट नव्हता. उंच होता, स्वच्छ होता, पण बारीक. चौथ्या खुर्चीच्या पुढे जायचा नाही. वाद्यवृंदाच्या संचालकाला सगळे छडीमास्तर म्हणत. ते म्हणायचे, "पोरी, तुझ्या गळ्यात चांदी आहे गं, पण वजनाला अगदी कमी." धाकटीला त्याचं वाईट वाटत नसे. निदान ती तसं सांगे.

लग्न तिने केलं नाही. एक जण एकदा फुलं घेऊन आला होता, तो ताईची सही मिळेल का हे विचारायला. ताईचा नवरा गेल्यावर दोघी बहिणी या दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्या, आणि गेल्या हिवाळ्यापासून ताई अंथरुणालाच खिळली. तिचं डोकंही आता धड नव्हतं. चांगल्या दिवशी वाद्यवृंदातल्या प्रत्येकाच्या खोडी सांगायची, वाईट दिवशी डॉक्टरलाच छडीमास्तर समजून "आज मला एक स्वर खाली घ्या" म्हणून विनवायची. डॉक्टर भला माणूस, तो "बरं, घेऊ" म्हणायचा. जाताना दाराशी त्याने धाकटीला हळूच सांगितलं होतं, की जे काही बोलायचं असेल ते बोलून घ्या.

बोलायचं होतंच. पण धाकटीला बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं. ताईच्या तोंडून एकच वाक्य. तो सूर तुझा होता, एवढंच. चारचौघांत नको, वर्तमानपत्रात नको, दार लावून, दोघींत. त्यासाठी तिने अख्खा जन्म वाट पाहिली होती आणि आता ताईचं डोकं मूठभर वाळूसारखं रोज थोडंथोडं सांडत चाललं होतं.

त्याची गोष्ट अशी. ताईच्या सगळ्यात गाजलेल्या संगीतिकेची रेकॉर्ड काढायचं ठरलं, तेव्हा ताईला सातवा महिना होता. तिसऱ्या अंकात निरोपाचं गाणं आहे. नायिका गच्चीत एकटी उभी आहे, तो गेला असं तिला वाटतंय, आणि गाण्याच्या शेवटी एक फार उंच सूर, तोही ओरडून नाही, अगदी हळू, लांबवत लांबवत विरून जाणारा. एरवी ताई तो झोपेतही लावायची. त्या दिवशी पोटातली पोर फुप्फुसाला गुडघे टेकून बसली होती, श्वास पुरेना. सूर लागायचा आणि मध्येच तडकायचा. परत, परत, परत. ताई रडायला लागली. शेवटी छडीमास्तरांनी सगळ्यांना चहाला पाठवलं, आणि दुसऱ्या रांगेतल्या धाकटीला मागे थांबवून मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभं केलं. तिथे वजन लागत नव्हतं. तिथे नुसती चांदी पुरत होती. धाकटीने डोळे मिटले आणि सूर लावला. रेकॉर्डिंगवाल्याने ताईच्या गाण्याच्या टेपेचं शेपूट कापलं आणि धाकटीचं चिकटवलं. हे चौघांनाच माहीत. छडीमास्तर आणि रेकॉर्डिंगवाला, दोघंही वर गेले.

रेकॉर्ड घरोघरी वाजली. त्या एका सुरासाठी लोक सुई उचलून पुन्हा मागे ठेवायचे. पहिली काही वर्षं कुणी सुराची तारीफ केली, की ताई टेबलाखालून धाकटीला हळूच पाय लावायची. मग ते पाय लावणं बंद झालं. मग ताई सांगायला लागली, की पोटात लेक होती, सगळे नको नको म्हणत होते, तरी मी लावलाच. इतक्यांदा सांगितलं, इतकं रंगवून सांगितलं, की शेवटी तिलाच ते खरं वाटू लागलं. धाकटी शेजारी बसून चहात साखर ढवळायची. राग यायचा तिला. कधीकधी इतका, की ताईच्या झग्याचा एखादा हूक मुद्दाम चुकीच्या काजात अडकवायची. पण चूं करायची नाही. आपलीच बहीण, आणि आपण होऊन दिलेली वस्तू मागायची कशी?

घरातली जुनी रेकॉर्ड झिजून झिजून खरखर करू लागली, आणि या घरात येताना तबकड्या वाजवायचं यंत्रही गेलं. कित्येक वर्षांत तिने तो सूर ऐकला नव्हता. म्हणून त्या जुन्या संगीतिका नव्याने, सीडीवर, पेटीबंद संच म्हणून निघणार असं भाचीकडून कळलं, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. ताईसमोर तो सूर पुन्हा वाजेल. दोघीच ऐकू. आणि तेव्हा कदाचित ताईचा पाय पांघरुणाखालून हलेल.

भाची म्हणजे ताईची लेक, तीच सातव्या महिन्यातली. आता तिचेच केस पिकले होते. दंतवैद्याच्या दवाखान्यात ती भेटीच्या वेळा लिहून घ्यायची आणि दिवसभर दुखणाऱ्या दाढांशी गोड बोलून दमायची. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं फार काही घडलं नव्हतं. एक मात्र ती नव्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्या वाक्याला सांगायची, "तो सूर आहे ना, तेव्हा मी आईच्या पोटात होते." धाकटीने हे हजारदा ऐकलं होतं, आणि दर वेळी मान डोलावली होती.

दुपारी भाची पेटी घेऊन आली. वर ताईचा तरुणपणीचा फोटो. तो पाहून ताई म्हणाली, "ही कोण? नाक चांगलं आहे."

"तूच गं आई!"

"मग आहेच चांगलं."

हसल्या तिघीही. ताईचा दिवस बरा होता. भाचीने सीडी प्लेअर खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला, तार लावली आणि पेटीतली पुस्तिका उघडून मोठ्याने वाचू लागली. "ऐका हं. या आवृत्तीसाठी कंपनीने मूळ टेपा शोधून काढल्या आहेत. नंतरची कापाकापी आणि जोडाजोडी काढून टाकली असून, त्या दिवशी कलावंत जसे गायले तसेच प्रथमच ऐकायला मिळतील." तिने अभिमानाने वर पाहिलं. "म्हणजे अगदी शंभर टक्के आई!"

शेपूट काढलं होतं. मेलेल्या माणसांनी गुपचूप चिकटवलेलं शेपूट कुण्या शहाण्याने हौसेने सोडवून फेकून दिलं होतं.

"आज राहू दे गं," ती भाचीला म्हणाली. "ताई दमलीये. उद्या लावू."

"मी कुठं दमलीये?" ताई उशीवरून म्हणाली. "लाव. हिला आधीपासूनच माझं गाणं ऐकवत नाही."

धाकटीने खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढून घेतली आणि हात मांडीवर एकात एक अडकवून ठेवले.

सुरुवातीची वाद्यं वाजली आणि ताईची बोटं चादरीवर चालू लागली. खरखर नाही, काही नाही, सगळं लख्ख. व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरली तेसुद्धा ऐकू आलं. "हा नाकातून गायचा," ताई नायकाबद्दल म्हणाली. "आणि चुंबनाच्या प्रसंगाआधी कांदा खायचा, मेला." दुसऱ्या अंकात कोरस आला तेव्हा धाकटी पुढे झुकली, पण वीस जणींच्या घोळक्यात ती कुठे होती ते तिचं तिलाही कळेना.

मग निरोपाचं गाणं. ताईचा आवाज काय होता तो! धाकटी राग विसरली. असा आवाज असल्यावर माणसाने थोडं खोटं बोललं तर काय बिघडलं, असंसुद्धा तिला क्षणभर वाटलं. गाणं चढत गेलं, वाद्यं एकेक करून थांबली, आणि सूर लागला. लागला, थरथरला, आणि फाटला. त्यामागे एक धाप, कुणीतरी जिना चढून आल्यासारखी.

"अगं बाई," भाची म्हणाली. "प्लेअर अडकतोय की काय." तिने बटण दाबून मागे नेलं. धाकटी "नको" म्हणेपर्यंत सूर पुन्हा लागला आणि पुन्हा तिथेच फाटला.

भाचीने प्लेअर थांबवला. ताईची बोटं चादरीवर थांबली होती. ती छताकडे पाहत होती, आणि तिचे डोळे इतके स्वच्छ होते, की धाकटीला भीती वाटली.

"हा माझा आवाज आहे," ताई म्हणाली.

"तुझाच तर आहे, आई. सीडीच खराब निघाली, मी बदलून आणते."

"सीडीला काही झालं नाही. मला श्वास पुरला नव्हता." तिने मान वळवली. "आधीच्या रेकॉर्डवर होता तो हिचा. धाकटीचा."

आलं होतं वाक्य. जसं हवं होतं तसं, एक शब्द कमी नाही. हात पुढे करून ताईचा हात धरावा असं तिला वाटलं, पण ती जागची हललीच नाही.

भाची आधी हसली. आजारी माणसाच्या भ्रमाला हसतात तसं. मग तिने मावशीकडे पाहिलं. "मावशी, काय म्हणतेय ही?"

"खरं म्हणतेय," धाकटी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तो माझा होता."

"काहीतरीच काय! मी पोटात असताना आईनं..."

"तू पोटात होतीस म्हणूनच तर तिला श्वास पुरेना, बाळा."

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलताबोलताच कळलं. भाचीचा चेहरा पडला. तिने पुस्तिका मिटली, उघडली, परत मिटली. "इतकी वर्षं कुणीच कसं बोललं नाही? आणि आता सीडीवर सूर फाटलेला ऐकू आला म्हणून... मावशी, रागावू नकोस, पण आईचं काय, तिला कुणीही काहीही सुचवलं तरी पटतं हल्ली."

म्हणजे मी सुचवलं, धाकटीने मनात म्हटलं. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीच्या कानी लागून मी तिचा सूर चोरायला निघालेय. तिला रडू येईना, संताप आला.

"भांडताय काय?" ताई म्हणाली. "धाकटे, ऊठ. लावून दाखव हिला."

"ताई, आता कुठला..."

"ऊठ म्हणते ना. इथं जवळ ये. तुला जवळच उभं करावं लागतं."

धाकटी उठली. खाटेची कड धरून ताईच्या कानाशी उभी राहिली, तशीच, जशी तेव्हा उभी होती. कवळी वाटीतच होती. तिने डोळे मिटले. सूर डोक्यात स्पष्ट होता, अगदी जिथल्या तिथे, हात घातला की मिळेल असा. तिने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आधी नुसती हवा आली. मग हवेतून काहीतरी निघालं, किलकिल करणारं, दाराच्या बिजागरीसारखं, आणि तेही मध्येच बसलं. तिने पुन्हा घेतला श्वास. या वेळी तेवढंही आलं नाही, खोकलाच आला.

"पुरे गं मावशी," भाची म्हणाली आणि पाणी आणायला धावली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, कीव होती. कीव जास्त वाईट.

ताईने मान एका बाजूला कलती करून ऐकलं होतं, कोरसात घ्यायच्या मुलींची परीक्षा घेताना ती ऐकायची तसं. कान मात्र तिचे शेवटपर्यंत पक्के होते, त्यात तिने कधी बहिणीलाही सूट दिली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "हा नव्हे तो. तो असा नव्हता."

"ताई, तेव्हाचा..."

"असा नव्हताच." तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग हळूहळू सैल झाली. डोळ्यांतलं ते स्वच्छपण विझत चाललेलं धाकटीला समोर दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. "म्हणजे मग माझाच असेल."

"तुझाच होता, आई," भाची पेला घेऊन दारातूनच म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "मी होते ना तेव्हा. तुझाच होता. हो ना गं, मावशी?"

दोघी आता धाकटीकडे पाहत होत्या. एक विसरून, एक घाबरून. धाकटीने पाण्याचा पेला घेतला, एक घोट प्यायली, घसा साफ केला.

"हो," ती म्हणाली. "तिचाच होता."

ताईने समाधानाने डोळे मिटले. "मग," ती पुटपुटली, "सातवा महिना होता. सगळे नको नको म्हणत होते." पुढचं धाकटीला पाठ होतं. ती खुर्चीत बसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिली.