खोकल्यासकट बंदिश

फरीदाबादच्या त्या हॉलमध्ये मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर झेंडूच्या ढिगात आठ वर्षांची स्वानंदी डोळे मिटून बसली होती आणि तिच्या गळ्यातून मारवा उतरत होता. कधी न शिकलेला मारवा! बंदिशही नवी कोरी, म्हणे तिथल्या तिथे सुचलेली.

“माताओं, बहनों!” स्वरसिद्ध महाराज माइकला ओठ लावून म्हणाले, “मैंने कहा था ना, आज मारवा आएगा! यह बच्ची गाती नहीं, इससे गवाया जाता है! दो सौ साल पुराने गायक की आत्मा है. जो सुनेगा, उसका रोग कटेगा! पीछेवाले भाई, बैठ जाइए, खड़े रहे तो नाद पैरों के नीचे से निकल जाएगा.”

आणि मागचे भाई खरोखरच खाली बसले.

पहिल्या रांगेत स्वानंदीची आई वृंदा हात जोडून होती. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा नवरा भालचंद्र. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून त्याला डायलिसिसला नेता-आणता वृंदा मेटाकुटीला आली होती. त्यात महाराज म्हणाले, “मशीन खून के साथ नाद भी धो देती है.” वृंदाने मशीन बंद केलं. केंद्राच्या मंत्रालयात फायलींवर शेरे मारणारी बाई! पण बुडत्याला काडी दिसली की ती कसली आहे, हे तो विचारत नाही. तिच्या मनात सकाळपासून एकच ओवी घोळत होती:

श्वास धन्याचा गं मोजू किती,
एक आला, दुसऱ्याची भीती.

“वृंदा, पुरे झालं. गाडी उभी आहे, मी याला हॉस्पिटलात नेते.” मागून अरुणाआत्या वाकून म्हणाल्या. भालचंद्रची ही आत्या. जन्मभर पहाडगंजच्या मराठी शाळेत गाणं शिकवलेली. आज पहिल्यांदाच इथे आलेली, तीही भाच्याला उचलून न्यायला.

“एवढी बंदिश होऊ द्या ना, आत्या. प्लीज.”

“त्याला धाप लागलीय गं!”

“म्हणूनच.”

स्वानंदी अंतऱ्यात वर गेली. “अंधि...” म्हणून थांबली, ह्हंम् असा घसा साफ केला, मग “...यारा.”

आत्यांनी मान वळवली. “हिला खोकला झालाय?”

“नाही तर.”

ओळ परत आली. पुन्हा “अंधि...”, पुन्हा ह्हंम्, पुन्हा “...यारा.”

“मागच्या खेपेलाही असंच?”

वृंदाने आठवून पाहिलं. “हो. दर वेळी. वर गेली की.”

“मग हा खोकला कुणाचा? पोरीचा दम केवढा! तिने शब्द कशाला मोडावा? अगं, तालमीत गुरू गातो तसं शिष्य उचलतो. हरकती उचलतो तसा दोषही उचलतो. माझ्या वर्गातली कार्टी माझ्यासारखा चष्मा वर सारून ‘सा’ लावायची, डोळ्यांवर चष्मा नसताना! आत्मे खोकत नसतात, वृंदा. हिच्याकडून कुणीतरी समोर बसून घोटून घेतलंय.”

“देखा?” महाराज गरजले, “अब आत्मा... ह्हंम्... विश्राम लेगी.”

वृंदाने झटकन महाराजांकडे पाहिलं. तोच ह्हंम्! प्रत्येक सभेआधी ते स्वानंदीला ‘मौनशुद्धी’साठी आतल्या खोलीत नेत. आईलाही मज्जाव. बाहेर बसून वृंदा तानपुरा ऐकत राही. मौनाला तानपुरा कशाला, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

आत्या उठल्या. “महाराज, आता जरा भूप उतरवा. साधा पाच सुरांचा.”

“आत्मा फर्माइश नहीं लेती, माताजी.”

“अच्छा? मारवा आएगा, यह तो आपने पहले ही बता दिया था!”

कुणीतरी खुदकन हसलं. महाराज ओरडले, “यहाँ अविश्वास की छाया है!”

वृंदा स्टेजवर चढली. लेकीसमोर गुडघे टेकले. “सोनू, हे गाणं तुला कुणी शिकवलं?”

स्वानंदीने खुर्चीतल्या बापाकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. “सांगितलं तर बाबा मरतील. महाराजांनी सांगितलंय.”

माइक चालू होता. हॉलभर ऐकू गेलं. काही माणसं उठली. काही मात्र तशीच हात जोडून बसून राहिली. त्यांच्याही घरी कुणीतरी आजारी होतं.

आत्यांनी आणि वृंदाने भालचंद्रला गाडीत घातलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो बोलायचा थांबला होता.

“फुप्फुसांत पाणी भरलंय,” डॉक्टर म्हणाले. “इतके दिवस डायलिसिस का चुकवलं? मशीन लावलंय. बघू. शब्द देऊ शकत नाही.”

काचेबाहेर स्वानंदीने आईचा पदर ओढला. “मी सांगितलं म्हणून झालं ना हे?”

वृंदा जमिनीवरच बसली. “नाही. बाबांच्या किडन्या अंगातलं पाणी आणि घाण बाहेर टाकायच्या. त्या थांबल्या, म्हणून ते काम मशीन करायचं. ते मी थांबवलं. म्हणून झालं. तुझ्या बोलण्याने नाही, गप्प राहण्याने नाही, गाण्यानेही नाही.”

“मग माझं गाणं खोटं?”

“नाही गं. ऐकून एवढं उचलणारा तुझा कान अगदी खरा. पण ते शिकणं झालं, चमत्कार नाही. यापुढे कुणी काहीही सांगू दे, विचारायचं, हे कसं होतं? दाखवा. आणि दाखवत नसेल तर मानायचं नाही. मी सांगितलं तरी.”

स्वानंदीने नाक पुसलं. काचेपलीकडच्या नळ्यांकडे, फिरणाऱ्या चाकाकडे पाहत राहिली.

“मग हे मशीन रक्त कसं साफ करतं?”

इतके महिने नवऱ्याला इथे आणूनही वृंदाने ते कधी विचारलं नव्हतं. ती उठली, लेकीचं बोट धरलं आणि दारातल्या नर्सपाशी गेली.

“सिस्टर, ज़रा समझाएँगी? हम दोनों को.”