टेबलाच्या कडेवर आलेलं मडकं

मित्रांनो, माझं काळीज अजून धडधडतंय! मी एक जुनं, धुरानं काळवंडलेलं मडकं आहे. भुईगावच्या गॉडफ्रे आजोबांकडे दुधीच्या बिया राखेत घोळवून माझ्या पोटात ठेवतात. त्यांची आई माझं तोंड शेणानं लिंपताना गुणगुणायची,

‘पहिल्या फळाला गं, चिंधी बांध लाल,
आज नको चुलीला, पिकू दे पुढलं साल.’

चिंधीचा दुधी बियांसाठी राखलेला, तो कुणी तोडत नसे. लांब, गोड फळाचंच बी माझ्याकडे येई. कडू निघाला की वेल उपटलीच! मी नवं होतं तेव्हा दुधी वीतभर होता, आज हातभर आहे. यंदा मात्र खाऱ्या पाण्यानं वाडी करपली. त्या दुधीचं बी उरलंय ते एवढंच, माझ्या पोटातलं.

आणि काल नात प्रिस्कानं मला पुरावा म्हणून गावच्या हॉलमध्ये नेऊन टेबलावर ठेवलं. वाद होता उत्क्रांतीवर. ती बाजूनं, आजोबा विरुद्ध!

“उत्क्रांती खोटी!” आजोबांनी टेबलावर मूठ आपटली. मी बोटभर सरकलं.

“तुम्हीच तर करता, आजोबा! बी निवडून निवडून दुधी बदललात ना?”

“बदलला! पन दुधीच ऱ्हायला ना? त्याचा काय फनस झाला?” हॉल खदखदला. “जात देवानं केली, मी नुसती निवड केली. ह्याला मी शेती म्हनतो, बाय!”

“मग उत्क्रांती कशाला म्हणता?”

“माकडाचा मानूस होतो, त्याला!”

“एका पिढीत तसं होतं, असं कुणीच म्हणत नाही! पिढीगणिक थोडं थोडं बदलणं, याला मी उत्क्रांती म्हणते. तेच लाखो वर्षं साठलं, की नव्या जाती होतात.”

“थोडं थोडं कबूल!” धाड! “नवी जात, ते नाय!” धाड!

आणि मी कडेवरून निसटलं.

चार हात झेपावले. मी अधांतरी, दोघांच्या ओंजळीत!

“सोडा, आजोबा, मी धरलंय.”

“तूच सोड.”

कुणीच सोडेना. मग आजोबांना हसू फुटलं. “बाय, बदल होतो, हे दोगांनाबी कबूल. अर्धं भांडन मिटलं. उरलेलं उद्या, वाफ्यावर. आदी हे बी लावू.”

मित्रांनो, वाद घाला, अगदी घसा बसेपर्यंत घाला. पण ज्या शब्दावरून वाद, त्या शब्दानं समोरच्याला काय म्हणायचंय, ते आधी विचारा. आणि बियांचं मडकं तेवढं टेबलाच्या मधोमध ठेवा!